चांदी काळी करणारं पाणी

केस उकळायला चुलीवर चढवायचे असले की माझी आई आधी बोटातली चांदीची अंगठी काढून कोनाड्यात ठेवायची. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो. का, ते कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओरत्तनाडूच्या एका मुलीचे अकरा दिवस वाचले असते.

संपादकांनी माझ्याकडे प्रयोगशाळेतल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती आहेत. पण इतकी वर्षं झाली तरी मनात पहिली येते ती ही गोष्ट, आणि ती मी कुणाला पुरती सांगितलेली नाही. माझी मराठी तंजावरची आहे, लिहिण्याची सवयही कमी आहे. शास्त्रातले शब्द मला मराठीत नीट येत नाहीत, तेव्हा जमेल तसं सांगतो.

आमच्या घरी गंगावनं, म्हणजे वेणीला जोडायचे केसांचे झुपके, तयार व्हायची. तमिळमध्ये त्याला सवरी म्हणतात. आमच्याकडच्या बायका विंचरताना गळालेले केस फेकत नाहीत. बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. वर्षभराचे साठले की पुडकं बांधून आईकडे आणून देत, आणि आई ते सुटे करून, उकळून, वाळवून, मुळांकडची टोकं एका बाजूला लावून त्यांचा लांब झुपका बांधून देई. ज्या बाईचे केस तिलाच परत. आई केस हातात घेऊन सांगायची, "ही बाळंतीण आहे," किंवा "हिला मोठा ताप येऊन गेलाय." बहुधा खरं निघायचं.

वडील भाताच्या गिरणीत काम करीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तिथे कुणी विचारलं, आई काय करते, तर मी सांगायचो, "शिवणकाम." दुसऱ्यांच्या गळलेल्या केसांत हात घालणारी आई मला सांगवत नव्हती. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच होतं.

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो आणि तंजावरातल्याच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मला साहाय्यकाची जागा मिळाली. पन्नासचं दशक सरत आलं होतं. आमच्या प्रमुख राजलक्ष्मी मॅडम. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, नाकात हिऱ्याची चमकी आणि बोटांवर आम्लाचे पिवळे डाग. मला त्या 'तंबी' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ, आणि चुकलो की 'मिस्टर' म्हणत. मिस्टर ऐकलं की मी केलेलं काम पुन्हा पहिल्यापासून तपासायचो.

सकाळी वॉर्डांतून लघवीच्या बाटल्या यायच्या. थोडी नळीत घ्यायची, यंत्रात गरगर फिरवायची, तळाला बसलेला गाळ काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बाहेरच्यांना हे काम घाणेरडं वाटतं. मलाही आधी वाटलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात मला त्या गाळात लिफाफ्यांसारखे, सुयांच्या जुडग्यांसारखे, शवपेटीच्या झाकणासारखे स्फटिक दिसले आणि मी जेवायला जायचंच विसरलो.

एका सकाळी एका बाटलीच्या गाळात मला षट्कोन दिसले. रंग अजिबात नाही, पातळ काचेसारखे, सहाही बाजू सारख्या. काही सुटे, काही एकावर एक रचलेले. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

"कुणाची बाटली?" त्यांनी विचारलं.

"कमला. वय चौदा. ओरत्तनाडू."

"तंबी, ही वस्तू मी पुस्तकात पाहिली होती. जिवंत माणसाची आज पहिल्यांदा पाहते आहे. हे सिस्टीन."

मग खडू घेऊन त्यांनी मला फळ्यावर समजावलं. ते आपल्या शब्दांत सांगतो. शरीरातली प्रथिनं म्हणजे मण्यांच्या लांब माळा. मणी वीस-एक प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यांतल्या दोनच मण्यांत गंधक असतं. तेच गंधक, जे काड्यापेटीच्या आणि फटाक्यांच्या दारूत असतं. त्यांतल्या एका मण्याची गंमत अशी, की त्याचं गंधक दुसऱ्या तशाच मण्याच्या गंधकाला धरून ठेवतं. दोन मणी असे जोडले गेले की ते सिस्टीन. माळा एरवी एकमेकींवरून घसरतील, पण या गाठींमुळे त्या जागच्या जागी राहतात. नखात, शिंगात, पिसात या गाठी असतात, आणि सगळ्यांत जास्त केसांत.

"म्हणून केस ओढला तर तुटत नाही लवकर," मॅडम म्हणाल्या. "दोरीला पीळ असतो, केसाला गाठी असतात."

मला आईचं गंगावन आठवलं. तीसुद्धा झुपक्याला वीतभर अंतरावर आडवा दोरा घालून गाठ मारते, नाहीतर केस सटकतात. तोंडापर्यंत आलं होतं, पण बोललो नाही.

कमलाच्या बाबतीत घडलं होतं ते असं. आपलं मूत्रपिंड लघवीतून कामाचे मणी परत उचलून घेतं. काही थोड्या माणसांत जन्मतःच ही उचलण्याची सोय नसते. बाकीचे मणी पाण्यात विरघळून निघून जातात, पण सिस्टीन पाण्यात फार थोडं विरघळतं. ते खाली बसतं, थरावर थर चढतात आणि दगड होतो. जगाला हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तोही असल्याच एका मुतखड्यात, मॅडम म्हणाल्या. केसाला जे बळ देतं तेच आतमध्ये दगड होऊन बसतं, हे ऐकून मी त्या फळ्याकडे बघत राहिलो.

मुलीची हकिगत गंभीर होती. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी तिचं डावं मूत्रपिंड दगडांनी निकामी झालं म्हणून काढून टाकलं होतं. आता उरलेल्या एकात दगड होता. आमचे सर्जन ते उघडून दगड काढणार होते. अंगात रक्त कमी म्हणून तीन आठवडे थांबायचं त्यांनी ठरवलं होतं.

मॅडम त्यांच्याकडे गेल्या, मी मागे बाटल्या घेऊन. त्या म्हणाल्या, "दगड सिस्टीनचा असेल तर काढूनही परत होईल. भरपूर पाणी आणि सोडा देऊन लघवी अल्कधर्मी ठेवली तर तो विरघळू शकतो. चाकू न लावता."

"आणि फॉस्फेटचा निघाला तर?" सर्जन म्हणाले. "सोड्याने तो वाढेल. एकच किडनी आहे, डॉक्टर. मला चित्रं दाखवू नका. पुरावा आणा, मी चाकू खाली ठेवतो."

पुरावा म्हणजे काय, तर गाळणीच्या कागदाच्या एका पट्टीवर शेजारी शेजारी दोन थेंब. एक कमलाच्या लघवीचा, दुसरा नक्की ठाऊक असलेल्या शुद्ध सिस्टीनचा. कागद द्रवात उभा केला की डाग वर चढतात. दोन्ही एकाच उंचीला थांबले तर वस्तू एक. पण आमची सिस्टीनची बाटली रिकामी होती आणि मद्रासहून नवी यायला महिने लागत.

"मग करू इथेच," मॅडम म्हणाल्या. "केस आण. तेलकट नकोत, स्वच्छ. आम्लात उकळायचे, म्हणजे माळा तुटून मणी सुटे होतील. मग अल्क घालून आम्ल मारायचं. सिस्टीन सगळ्यांत आधी खाली बसेल."

केस आणायला मी तिरुवैयारूला गेलो. तंजावरात न्हावी नव्हते असं नाही, पण तिथे मला आईचा मुलगा म्हणून ओळखणारे होते. नदीकडच्या रस्त्यावर अय्याकन्नू नावाच्या म्हाताऱ्या न्हाव्याचं दुकान होतं. पोतं पुढे केलं तर तो माझ्याकडे बघत राहिला.

"खताला?"

"नाही. शास्त्राला."

"शास्त्राला?" त्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा थांबवला. "मग या साहेबांच्या मिशा पण घेऊन जा, तंबी. मिशांत शास्त्र जास्त असतं."

गिऱ्हाईक साबणाच्या आतून ओरडलं, "हात लावून बघ!" पोतं भरून मिळालं. पण आमच्याकडची डोकी म्हणजे तिळाच्या तेलात बुडवून काढलेली. पोत्यातूनसुद्धा तेल झिरपत होतं.

इथे माझी चूक झाली. केसातलं तेल काढायला मॅडमनी स्पिरिट वापरायला सांगितलं होतं. एवढ्या तेलाला ते पुरेना. मला वाटलं, केस धुणं मला कुणी शिकवायला नको. आमच्या घरी उवर माती असायची, धोबी वापरतात ती खारी माती. आई केस त्यातच उकळायची. मी पोतं घरी नेलं. आई शेजारच्या गावी गिऱ्हाइकाकडे गेली होती. मोठ्या हंड्यात माती घातली, आणखी स्वच्छ व्हावेत म्हणून वर मूठभर धुण्याचा सोडा घातला आणि सकाळपासून दुपारपर्यंत उकळत ठेवलं. सडक्या अंड्यासारखा वास घरभर झाला. दुसऱ्या कुणाला तो वास खटकला असता. मला नाही खटकला. माझ्यासाठी तो घराचा वास होता.

केस निघाले स्वच्छ, मऊ. मॅडमनी हात फिरवला. "छान. स्पिरिटनेच ना?"

"हो मॅडम," मी म्हणालो.

आम्लात दिवसभर उकळलं. काळपट तपकिरी रस झाला. आम्ल मारलं, थंड ठेवलं. एक दिवस, दोन, तीन. तळाशी काहीही नाही. मॅडमनी स्वतःची पद्धत तपासली, आम्लाची बाटली बदलली. उरलेले केस घेऊन पुन्हा सगळं केलं. तेही त्याच हंड्यातले केस होते. पुन्हा काही नाही.

"मिस्टर," त्या म्हणाल्या, "केसांचं काय केलंस?"

"स्पिरिटने धुतले."

एवढंच वाक्य. उवर माती म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं, घरी ती कशाला असते? या एका प्रश्नाला मी भ्यालो. अकरा दिवस गेले होते.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी वॉर्डात डोकावलो. कमला कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे वडील संताजीराव तालुका कचेरीत कारकून होते. आमच्यासारखेच पिढ्यान्पिढ्या इथले मराठी. ते हातात पितळी कूजा घेऊन बसले होते. अरुंद गळ्याचं, झाकणाचं ते पाण्याचं भांडं आमच्याकडे प्रवासात सगळे नेतात.

"एक घोट घे, राणी."

"नको अप्पा. प्यायलं की जावं लागतं. गेलं की जळतं." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "अण्णा, माझा दगड कसला आहे ते कळलं का हो?"

"अजून नाही."

"नर्स अक्का म्हणत होत्या, तुम्ही केस उकळताय. माझे घ्यायचे का? पुष्कळ आहेत." तिने उशीवरची वेणी उचलून दाखवली. गुडघ्यापर्यंतची वेणी.

मला तिथे उभं राहवेना. बाहेर नर्सनी सांगितलं, दुपारपासून ताप चढतोय, सर्जनसाहेबांनी ऑपरेशन शुक्रवारवर आणलंय. तो शनिवार होता.

घरी आलो तर आई इतके दिवस तसाच पडून राहिलेला तो हंडा घासत होती. तळाला चिकटलेला केसांचा पुंजका तिने चिमटीत धरून ओढला. तो ओल्या सुतासारखा सुटला.

"दत्ता, हे कुणी उकळले?"

"मी."

"किती वेळ?"

सांगितलं. सोड्याचंही सांगितलं. आईने कपाळाला हात लावला.

"अय्यो! दोन उकळ्या द्यायच्या रे, केसाचं वळण मोडण्यापुरत्या. जास्त झालं की केसातला जीव जातो. पाण्यात उतरतो."

"काय उतरतं पाण्यात?"

"मला काय ठाऊक? तू कॉलेजात शिकलास. पण काहीतरी उतरतं खरं. त्या पाण्यात चांदी काळी होते. म्हणून तर अंगठी काढून ठेवते मी."

मी खाली बसलो. चांदी काळी होते ती गंधकाने. हे मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी लिहून गुण मिळवले होते. आई वर्षानुवर्षं चुलीपाशी गंधकाच्या गाठी सोडत होती. किती सोडायच्या, कुठे थांबायचं, हे तिला बोटांनी कळत होतं. आणि मी त्या सगळ्या सोडून, वाहून टाकून, मग रिकाम्या केसांत सिस्टीन शोधत होतो.

"मग तेल काढायचं कसं?" मी विचारलं.

"नाजूक केसांना रिठा. रिठ्याने केस दुखत नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. मी मॅडमच्या घरी गेलो आणि पायरीवर उभं राहूनच सगळं सांगितलं. माती, सोडा, आईचं काम, स्पिरिटचं खोटं.

"दोन वेळा विचारलं होतं तुला."

"हो मॅडम."

"पहिल्या वेळीच सांगितलं असतंस तर आज ती मुलगी सोडा पीत असती." त्यांनी मला मिस्टर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्या चपला घालत म्हणाल्या, "आईला घेऊन ये. रिठे घेऊन."

अय्याकन्नूकडून सकाळीच नवं पोतं आणलं. प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर आईने पदर खोचून रिठ्याचा फेस केला. मॅडम शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या.

"किती पाणी, अम्मा?"

"केस पोहतील इतकं. चोळायचं नाही, नुसतं दाबायचं." मग आई म्हणाली, "बाई, तुमची बोटं का पिवळी?"

"आम्लाने."

"माझी मातीने फुटतात," आई म्हणाली, आणि दोघी आपापली बोटं बघून हसल्या. माझी कॉलेजपासूनची लपवाछपवी त्या ओट्यावर फेसाबरोबर वाहून गेली, आणि कुणाचं लक्षही नव्हतं.

सोमवारी केस आम्लात चढले. मंगळवारी आम्ल मारलं. एरवी तीन दिवस थांबतात, आम्ही एकच थांबलो. बुधवारी सकाळी तळाला राखाडी गाळ होता, चिमूटभर. तो पुन्हा विरघळवून, कोळशाच्या भुकटीतून गाळून, हळूहळू खाली बसू दिला. पांढरा झाला. मी एक कण काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

सहा बाजू. सहा बाजू. सगळीकडे सहा बाजू.

तिरुवैयारूच्या कुणाकुणाच्या डोक्यावरचे ते केस. शेतकरी, वाजंत्री, मिशांचे साहेब. आणि आत हे. शेजारच्या काचेवर कमलाच्या लघवीतले. मी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होतो. वेगळे ओळखता येत नव्हते.

आई रिठ्याचं भांडं न्यायला आली होती. मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आईने एक डोळा हाताने झाकला.

"हे कोलम कुणी घातले?" तिने हळूच विचारलं. कोलम म्हणजे आमच्या दारची तांदळाच्या पिठाची रांगोळी.

"कुणी नाही आई. आपोआप होतात."

"आपोआप कोलम होत नाहीत रे," आई म्हणाली. तिने डोळा काढला नव्हता.

मी बरंच शिकलो, पुढे बरंच शिकवलंही. षट्कोन का होतो ते मी सांगू शकतो. मुळात असं काही का असावं, ते नाही.

गुरुवारी कागदावर डाग चढले. दोन्ही एकाच उंचीला. मॅडम ओला कागदच सर्जनांच्या टेबलावर घेऊन गेल्या. त्यांनी तो खिडकीशी धरून पाहिला, पट्टी लावून मोजला, आणि नर्सला म्हणाले, "शुक्रवारचं नाव खोडा."

कमलाला सोडा सुरू झाला आणि पाणी. जळजळ असो नसो, ठरल्या वेळी कूजा संपवायचा. रात्रीही उठून प्यायचं. पहिला आठवडा ती रडत प्यायली. ताप उतरला. काही महिन्यांनी एक्सरेमध्ये दगड अर्ध्यावर आला होता, वर्षभराने दिसेनासा झाला. तो पुन्हा होऊ नये म्हणून पाणी जन्मभर असंच प्यायचं होतं. पण तापाच्या त्या दिवसांत तिच्या एकुलत्या मूत्रपिंडाची थोडी ताकद गेली होती, ती परत आली नाही. माझ्या अकरा दिवसांचा त्यात वाटा किती, ते कुणी सांगू शकलं नाही. मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मोजता येत नाही ते विसरायचं असं मी तुला कधी शिकवलं नाही."

काही वर्षांनी ओरत्तनाडूला कमलाचं लग्न निघालं. लांब वेणीला गजरे बांधायचं, शेवटी गंगावन जोडायचं काम आईकडे होतं. त्या दिवशी कमलाला माझ्या खोट्याचं, त्या अकरा दिवसांचं सगळं सांगायचं असं ठरवून मी आईबरोबर गेलो.

ती आरशासमोर बसली होती. शेजारी तोच पितळी कूजा. तिने हात पुढे केला तर नवऱ्याकडची एक वयस्क बाई पुढे झाली. "मुहूर्त होईपर्यंत वधूचा उपवास आहे. थेंबसुद्धा नाही."

कमलाने हात मागे घेतला. संताजीराव दारात उभे होते, त्यांचं तोंड उतरलं. लग्नाच्या दिवशी मुलीच्या आजाराचं नाव कोण काढणार?

आईने वर पाहिलंसुद्धा नाही. दातांत दोरा धरून ती म्हणाली, "मग माझ्यावर बोल नको, बाई. गंगावन जोडताना केस ओढला जातो, मुलीला घाम सुटतो. पाणी पोटात नसेल तर केस सैल पडतात आणि मांडवात वेणी गळून येते. माझं काय, मी पुन्हा बांधीन. लोक बघतील ते तुम्ही बघा."

असं काही नसतं. आई आयुष्यात केसांबद्दल एकदाच खोटं बोलली.

त्या बाईंनी वेणीकडे पाहिलं, मग दाराकडे. "पिऊ दे तर," त्या म्हणाल्या.

कमलाने झाकण काढलं, मान मागे टाकली आणि ओठ न लावता, वरून धार धरून सबंध कूजा संपवला. मी सांगायला तोंड उघडलं होतं. तिने रिकामा कूजा माझ्या हातात दिला.

"अण्णा, भरून आणता?"

मी विहिरीकडे गेलो.